सगळे ज्याला हसले, तो मला नायक वाटला होता

रविवारी दुपारी नाशिकच्या कॉलेज रोडजवळच्या मल्टिप्लेक्समध्ये मला असा धक्का बसला, की मी अजूनही पूर्ण सावरलेलो नाही. म्हणून लिहितो आहे...

चित्रपट विनोदी. एकमेकांशी अजिबात न जुळणारे दोन मित्र जुन्या गाडीतून कोल्हापूरहून नागपूरला निघतात. एक शिस्तीचा, दुसरा दिसेल त्या टपरीवर उतरणारा... एवढीच गोष्ट.

आम्ही तिघे गेलो होतो. मी, माझी पत्नी सुनीता आणि शाळेपासूनचा मित्र मधुकर. मधुकरने ओझरच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली असून येत्या आठवड्यात तो मुलीकडे, इंदूरला, कायमचा राहायला जातो आहे.

त्याची इच्छा होती, की मी त्याच्यासोबत गाडीने इंदूरपर्यंत जावे. मी स्पष्ट नकार दिला होता, आणि रेल्वेने जाण्याचा सल्लाही.

नकाराला कारण होते. गेल्या हिवाळ्यात धुळ्याच्या एका लग्नाला जाताना या गृहस्थाने "पाच मिनिटं" म्हणून पिंपळगाव बसवंतला गाडी थांबवली. आधी कांद्याचा लिलाव पाहिला, मग एका टेम्पोवाल्याशी गप्पा सुरू केल्या, त्या टेम्पोवाल्याच्या सासुरवाडीपर्यंत गेल्या... आम्ही धुळ्याला पोहोचलो तेव्हा मांडवात खुर्च्या गोळा करणे चालू होते.

तर, चित्रपट. शिस्तीचा मित्र दुसऱ्याला गाडीत बसण्यापूर्वी चपला झटकायला लावतो, आणि सगळे सभागृह खदखदून हसले. यात विनोद कुठे आहे, हेच मला कळेना. चपला झटकायलाच हव्यात.

पुढे तो प्रत्येक पंपावर टायरमधील हवा तपासतो... पुन्हा हशा. चहाच्या थांब्यावर मोबाईलमध्ये टायमर लावतो, तर लोक टाळ्या वाजवू लागले. मी चकित होऊन सुनीताकडे पाहिले. ती तोंडाला रुमाल लावून माझ्याकडेच बघत होती.

तेवढ्यात पलीकडून मधुकर ओरडला, "अरे, हा तर आपला वसंता!" पुढची अख्खी रांग वळून मला पाहू लागली.

तोपर्यंत माझी प्रामाणिक समजूत अशी होती, की ही एका समंजस माणसाच्या छळाची कहाणी आहे...

खरा धक्का बाहेर बसला. दारात एक तरुणी हातात माईक घेऊन कुठल्याशा चॅनेलसाठी प्रेक्षकांची मते घेत होती. प्रश्न एकच... दोघांपैकी कुणाला तुमच्या गाडीत घ्याल?

"तो टायमरवाला? त्याच्यासोबत मी सीबीएस स्टँडपर्यंतसुद्धा जाणार नाही!" एक कॉलेजकन्या म्हणाली. एका आजींनी तर त्याला डिकीत बसवून वर कुलूप लावायला सांगितले.

माझ्याच वयाचे, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ पुढे आले, तेव्हा मला आशा वाटली. ते म्हणाले, "आमच्या गाडीत शिस्तीचा एक आहे, तो मीच. दुसरा कशाला?"

मग माईक माझ्यापुढे आला. मी वाणिज्य शाखेचा माणूस, मत मुद्द्यांसह देतो. गाडी नागपूरला पोहोचली ती शिस्तीच्या मित्रामुळे, कारण स्टेपनीतली हवा त्यानेच तपासली होती, हे मी तिच्या लक्षात आणून दिले.

"काका, तुम्ही सिरियसली सांगताय?" तिने विचारले... मी होय म्हणालो, तर आजूबाजूचे पुन्हा हसले.

शेवटी मधुकर. हा आता माझी यथेच्छ चेष्टा करणार, म्हणून मी मनाची तयारी केली. तो म्हणाला, "मी टायमरवाल्याला घेईन."

त्या मुलीलाही आश्चर्य वाटले. मधुकर हसत हसतच बोलत होता. "अगं, मी टपरीवर निवांत बसतो, ते कुणाच्या जिवावर? कुणीतरी घड्याळ बघतंय म्हणून. एकटा निघालो ना, तर मी चहालासुद्धा थांबत नाही. कुणाला उशीर करायचा?"

मग म्हणाला, "पण आमचा टायमरवाला यायला नाही म्हणतो. म्हणून काल मनमाडहून इंदूरचं रेल्वेचं तिकीट काढलं. गाडी भाचा आणून देईल मागाहून."

मी सुन्न झालो. तिकिटाबद्दल त्याने मला अवाक्षरही सांगितले नव्हते... आणि इतकी वर्षे ज्याला मी त्याचा बेशिस्तपणा म्हणत आलो, तो माझ्यावरचा विश्वास होता, हे मला माईकवरून कळत होते.

पार्किंगमध्ये मी त्याला म्हणालो, "तिकीट रद्द कर."

"का रे?"

"रेल्वेत तुला चपला झटकायला कोण सांगणार?"

"लय वेळा थांबणार मी. आत्ताच सांगून ठेवतो."

"टायमर लावणार मी. मीही आत्ताच सांगतो."

"दोघांनी मिळून जा हो भावजी," सुनीता त्याला म्हणाली, "माझं घर दोन दिवस तरी घड्याळाशिवाय चालू द्या!"

काल बसून नाशिक ते इंदूर प्रवासाचे वेळापत्रक तयार केले. सर्व थांबे, सर्व वेळा व्यवस्थित लिहिल्या आहेत. फक्त पिंपळगावच्या नावापुढची जागा कोरी ठेवली आहे... तिथे त्याला वाटेल तितका वेळ.

त्या माईकवाल्या मुलीचे मनःपूर्वक आभार. मधुकरला तो प्रश्न मी कधीच विचारला नसता.

परतीचा प्रवास माझा एकट्याचा, बसने. तो अगदी वेळेवर होईल याची मला खात्री आहे... आणि आयुष्यात पहिल्यांदाच या खात्रीचे मला काहीही समाधान वाटत नाही.