काका ‘पुढं’ म्हणेपर्यंत

फोन अनोळखी नंबरवरून आला आणि बोलणाऱ्याने आधी कागदांबद्दलच विचारलं. “शाळेच्या स्मरणिकेचे कागद हायेत. पिशवीवर तुमचा नंबर हाय. तुमचेच का?” मी हो म्हटलं. मला वाटलं, काका पिशवी कुठल्या तरी चहाच्या टपरीवर विसरले असतील. “मग स्कूटरवाल्याच्या घरच्यांना कळवा,” तो माणूस म्हणाला, “राहुरी सोडल्यावर. उसाचा ट्रेलर उभा हुता.” त्याच्या मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मी दुकानात उभी होते. बाहेर अजून उजेड होता, निदान माझ्यासारखीला रस्ता दिसावा इतका तरी.

त्याला आता सात आठवडे झाले. भानुदासकाका माझे नात्याने कुणी नव्हते. सावेडीत मनमाड रस्त्याला लागून त्यांचं डीटीपीचं दुकान आहे. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात कामाला होते. मंदी आली तेव्हा तिथे आधी कॅन्टीनचा दुपारचा चहा बंद झाला, मग शनिवार बंद झाला आणि मग आम्ही चौघी. चार महिने मी फाईल घेऊन फिरले. काकांच्या काचेवर ‘डीटीपी ऑपरेटर पाहिजे’ असा उन्हाने पिवळा पडलेला कागद होता, म्हणून आत गेले. “तो कागद जुना आहे,” ते म्हणाले, “माणूस ठेवावा एवढं काम आता कुठंय?” मी वळले. बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते, त्यामुळे निघून जाणं मला नेहमीच सोपं वाटत आलंय. मी दारापर्यंत पोहोचले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, “वाचता येतं का गं?” मी म्हटलं, “इंग्लिश मीडियमची आहे. मराठी वाचते, पण हळू.” ते म्हणाले, “हळूच पाहिजे. उद्यापासून ये.”

त्या उत्तराचा मी तेव्हा विचार केला नाही.

काका मूळचे सोनईचे. तरुणपणी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, संगणक आल्यावर तोही शिकले. प्रूफ तपासायची त्यांची एकच पद्धत होती. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफवर स्टीलची पट्टी ठेवून ती ओळीओळीने खाली सरकवायची. ओळ संपली की काका “पुढं” म्हणायचे. त्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. मला मराठी आकडे धड येत नसत. ‘एकोणसाठ’ला मी अडले की ते म्हणत, “फिफ्टी नाईन, कॉन्व्हेंट. तुझ्या मास्तरीणबाईंनी फीचे आकडे तेवढे शिकवले वाटतं.” मी हसत नसे, पण दुसऱ्या दिवशी तो आकडा माझा चुकत नसे. घरीसुद्धा मी इतकं मोठ्याने कधी बोलले नव्हते. सहा महिन्यांत दुकानाच्या बाहेर ऐकू जाईल एवढा माझा आवाज सुटला. याबद्दल मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत.

काम मात्र आटत गेलं. कारखान्यांची माहितीपत्रकं आधी बंद झाली. लग्नपत्रिका लोक मोबाईलवर घरीच बनवू लागले. जुनी गिऱ्हाईकं दारावरून जाताना आत न बघता जाऊ लागली. दिवस दिवस प्रिंटरवरचं कापड निघायचं नाही. मग काका स्कूटरवरून गावोगाव काम शोधायला निघाले... शाळा, पतसंस्था, यात्रा कमिट्या. सोनई, घोडेगाव, राहुरी, कोल्हार. ते परत आले की मी त्यांच्या चेहऱ्याआधी स्कूटरकडे बघायचे. डाव्या बाजूला एक ओरखडा होता, त्याचे दोन झाले. मग आरसा गेला. “म्हशीनं घासली,” काका म्हणाले. पुढच्या आठवड्यात मडगार्ड चेपलं होतं. “म्हैस परत आली का?” मी विचारलं. माझ्याकडून झालेला हा बहुधा पहिलाच विनोद. काका हसले नाहीत.

नंतर एका गावच्या यात्रेच्या पत्रिकेचं काम मिळालं. पानंच्या पानं नावं. मी वाचत होते, काका पट्टी सरकवत होते. माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली, एक आख्खं पान सुटलं. मला ते कळायला पाच-सहा ओळी गेल्या. त्या प्रत्येक ओळीनंतर काका त्याच ठेक्यात “पुढं” म्हणाले होते. मी वर बघितलं. पट्टी कागदावर नव्हतीच. प्रूफ केव्हाच संपलं होतं आणि पट्टी त्याच्या खाली, टेबलाच्या सनमायकावर, ओळीओळीने सरकत होती. काकांची नजर तिच्यावरच होती, अगदी लक्ष देऊन. मी मागे गेले आणि सुटलेलं पान पहिल्यापासून वाचू लागले. त्यांचा हात थांबला.

“पान सुटलं व्हतं?”

“हो.”

“...असू दे. पुढं.”

त्याहून जास्त आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून पट्टी माझ्याकडे आली. मूळ कागद आणि प्रूफ शेजारी ठेवून मी मोठ्याने वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. कानाने त्यांनी अशा चुका पकडल्या ज्या मला डोळ्यांनी दिसल्या नव्हत्या. गिऱ्हाईक आलं की मी आधी नाव घ्यायचे, “या, शिंदेकाका,” म्हणजे काकांना कोण आलंय ते कळायचं. या सगळ्याला मी मनात काकांची लाज राखणं म्हणत होते. पण काकूंना किंवा आणखी कुणाला सांगितलं असतं तर आठवड्यात शटर खाली आलं असतं आणि मी पुन्हा फाईल घेऊन फिरले असते. हे मला रोज माहीत होतं.

कोल्हारहून शाळेच्या स्मरणिकेचा निरोप आला तेव्हा तीन महिन्यांतलं ते पहिलं मोठं काम होतं. कागद समक्ष येऊन न्या, म्हणाले होते. उसाचा हंगाम सुरू झालेला, रस्त्याच्या कडेला ट्रेलर उभे, कुणाला मागे लाल दिवा तर कुणाला काहीच नाही. मी म्हटलं, “काका, एसटीनं जा ना.” त्यांनी हेल्मेट घातलं. “एसटीतनं उतरलेल्या माणसाला कुणी काम देतं का गं? तेच म्हणतील, याचंच चालंना, आपलं काय करील. दुकानदार गाडीवर आला पाहिजे.” मी म्हटलं, “मग मी जाते.” हे मी पुरेसं मोठ्याने म्हटलं का, ते मला आज सांगता येत नाही. ज्यांनी मला मोठ्याने बोलायला शिकवलं त्यांच्यापुढे त्या दिवशी माझा आवाज किती निघाला? त्यांनी पिशवीवर मार्करने माझा नंबर लिहायला लावला. “मला फोन आला तर गाडीवर घेता येत नाही,” म्हणाले. उन्हं असतानाच परत येतो, असंही म्हणाले. मी त्यांना रस्त्याला लागेपर्यंत बघितलं. वळताना त्यांनी डावीकडे मान वळवली, पण गाड्या उजवीकडून येत होत्या.

तेराव्यानंतर काकू दुकानात आल्या. बराच वेळ कीबोर्डवरची धूळ पदराने पुसत बसल्या. मग वर न बघता म्हणाल्या, “त्यास्नी दिसत नव्हतं. तुला ठावं हुतं का?”

मी हो म्हटलं. या वेळी ते स्पष्ट ऐकू गेलं.

“मलाबी,” त्या म्हणाल्या. “ताटातली भाकरी चाचपून घ्यायचे. म्या वाटी रोज त्याच जागी ठिवायची, अन् बोलायची न्हाई. वाटायचं, कामाचा माणूस हाय, घरी बसला तर मरंल.” त्या उठल्या, किल्ली माझ्यापुढे टेबलावर ठेवली. “शाळेचं ते तेवढं करून दे. त्यांनी आणलंय.”

पिशवीतल्या कागदांना काहीही झालं नव्हतं. स्मरणिका मी पूर्ण केली आणि कोल्हारला एसटीनेच नेऊन दिली. दुकान किती दिवस चालेल ते माहीत नाही. मागच्या आठवड्यात टेबल पुसताना मला सनमायकावर एक पांढुरका पट्टा दिसला, प्रूफ ठेवायच्या जागेच्या खाली. पट्टी घासून घासून पडलेला. बोट फिरवलं तर खोल लागतो. एका यात्रेच्या पत्रिकेने एवढी घासण होत नाही. मी काचेवरचा तो पिवळा कागद वाचून आत आले, त्याच्याही खूप आधीपासून पट्टी तिथे सरकत असणार... कुणी वाचत नसतानाही.

आता प्रूफ मी त्या पट्ट्यावरच ठेवते. मोठ्याने वाचते. ओळ संपली की सवयीने थांबते. तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रेलर चाललेला असतो, काचा हलतात, आणि तो पूर्ण निघून गेल्याशिवाय मी दुसऱ्या ओळीवर जात नाही.