घोड्याच्या घरातलं प्यादं

काटेवाल्याच्या हातात कुणी तराजू दिला, तर तो आधी त्याच्याकडे बघायचाच नाही. दांडी बोटावर तोलून धरायचा, डोळे मिटायचा आणि तसाच थोडा वेळ उभा राहायचा. मग हळूच म्हणायचा, "डावीकडे ओढतंय." आणि ते डावीकडेच ओढत असायचं.

चाळीस वर्षं त्याने एवढंच केलं. दांडीच्या मध्यावरची पोलादी धार घासून सरळ करायची, पारड्यांच्या साखळ्या सारख्या करायच्या, वजन झिजलं असेल तर त्याच्या तळच्या खळग्यात थेंबभर शिसं ओतायचं. बोलण्यात हळू, चालण्यात हळू, पण त्याने बरोबर म्हटलेला काटा पुन्हा कुणी तपासून बघितला नाही. पुढे दुकानादुकानांत आकडे दाखवणारे काटे आले. ते बिघडले की लोक टाकून देतात. काटेवाल्याच्या खोलीचं दार मग अर्धंच उघडं राहू लागलं. आत ठोकळ्यावर हातोडी, खिळ्याला टांगलेले पाच-सात जुने तराजू आणि खिडकीखाली एक बुद्धिबळाचा पट.

तो पट खेळायला नव्हता. काटेवाला सतराव्या वर्षापासून खेळला नव्हता. थोरल्या भावाशी खेळून खेळून तो इतक्या वेळा हरला, की एक दिवस त्याने सोंगट्या सरकवल्या आणि म्हणाला, "दादा, तू खेळ. मी बघतो." तेव्हापासून तो बघतच राहिला. थोरला मोठ्या स्पर्धांत खेळला, धाकटा मागे उभा राहून डाव वहीत उतरवत गेला. घरी आल्यावर तो सांगायचा, कुठे काय चुकलं. थोरला ऐकून घ्यायचा नाही, पण पुढच्या वेळी ती चूक करायचा नाही.

"स्वतः एक प्यादं हलवायचं नाही आणि जगाच्या चुका काढायच्या," त्याची बायको म्हणायची. "असा नवरा शोधून मिळायचा नाही."

"मिळालाय ना तुला, न शोधता," काटेवाला म्हणायचा.

थोरला दवाखान्यात कंपाउंडर होता. सत्तरी उलटली तरी रोज सकाळी पांढरा शर्ट घालून औषधांच्या खिडकीमागे उभा राहायचा. समोरच्या खोलीतले डॉक्टर तीनदा बदलले, कंपाउंडर तोच. चिठ्ठी वाचायची, खणातून गोळ्या काढायच्या, कागदाची पुडी बांधायची, वर सकाळ-संध्याकाळ लिहायचं. माणसं डॉक्टरांना विचारायची नाहीत इतकं त्याला विचारायची. वहिनी गेल्यावर तो एकटा राहत होता. त्याची मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. आईमागे बापाशी रोज बोलायचं काय, हा प्रश्न तिला पडला. "जेवलात का, जेवलो" यापलीकडे फोन जात नव्हता. म्हणून बापाशी फोनवर खेळता यावं यासाठी ती बुद्धिबळ शिकली.

शिकली म्हणजे सोंगट्या कशा चालतात तेवढं शिकली. एका बाजूला स्पर्धा मारलेला बाप आणि दुसऱ्या बाजूला दिसेल ते मारत सुटणारी लेक. एका चालीला तीन दिवसांची मुदत असे, पण दोघांच्या दिवसाला पाच-सहा चाली होत. ती जेवणाच्या सुट्टीत खेळायची, तो खिडकीवर गर्दी नसताना. वीस-पंचवीस चालींत तिच्यावर मात व्हायची आणि खाली निरोप यायचा, "वजीर फुकट दिलास." ती तो डाव काकाला पाठवायची. काका फोन एका बाजूला ठेवायचा, डाव लाकडी पटावर मांडायचा आणि एकेक चाल सांगायचा. फोनमध्येही तपासणारं यंत्र होतं. ते प्रत्येक चालीला शेरा द्यायचं. उत्तम, ठीक, चूक आणि सगळ्यात वाईट चालीला लाल अक्षरांत "घोडचूक".

"काका, मला दर डावात पाच घोडचुका. माझा तर घोडा हललाही नव्हता."

"तोच तर घोटाळा, पोरी. हलवायचा होता."

दोन वर्षं असं चाललं. एकशे ऐंशीहून जास्त डाव. त्यात लेकीने एकही जिंकला नव्हता.

मग एका दुपारी तिचा फोन आला. "काका, मी बाबांना हरवलं."

"बरं झालं. एकदा व्हायलाच हवं होतं."

"तिसऱ्यांदा हरवलं. महिन्याभरात," ती म्हणाली. "पहिल्या वेळी मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या वेळी नाही सांगितलं. काका, बाबा रोज लोकांच्या हातात औषधं देतात. तुम्ही बघाल का ते डाव? मला खरं सांगाल?"

काटेवाल्याने तिन्ही डाव मांडले. घाई केली नाही. एक सकाळ एका डावाला दिली. तिन्ही डावांत थोरला मधल्या खेळात नेहमीसारखाच होता. लेकीच्या सोंगट्या एकामागून एक पटावरून खाली आल्या. शेवटी तिच्याकडे राजा आणि एकच प्यादं उरलं. ते प्यादं मारायला एक चाल लागली असती. थोरल्याने ते मारलं नाही. तिन्ही डावांत मारलं नाही. प्यादं चालत चालत पटाच्या शेवटी गेलं, त्याचा वजीर झाला आणि त्या वजिराने सगळं उलटं केलं. यंत्राने तिथे लाल अक्षरांत लिहिलं होतं, घोडचूक.

काटेवाला ते बघून हसला. कितीतरी वर्षांनी त्याला वडिलांचा कापडी पट आठवला. वडील जुन्या पद्धतीने खेळायचे. त्यात समोरच्याची शेवटची सोंगटी मारून राजा एकटा केला, की ती बुर्जी. बुर्जी झाली की डाव बरोबरीत जायचा, जिंकणाऱ्याची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून शेवटचं प्यादं राखायचं आणि ते राखूनच मात करायची. वडील म्हणायचे, माणसाला नागवा करून हरवण्यात काय ते.

त्याने लगेच फोन लावला. "तुझा बाप ठणठणीत आहे. बुर्जी टाळतोय. आमच्या घरची जुनी रीत आहे. म्हातारपणी माणसाला असलं काहीतरी आठवतं."

पलीकडे ती रडली. हलकं झाल्यावर रडतात तसं. "काका, तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं," ती म्हणाली.

ते वाक्य काटेवाल्याला रात्रभर टोचलं. सकाळी तो परत पटापाशी बसला. कुणी त्याच्यावर भरवसा टाकला की तो काटा दुसऱ्यांदा तपासायचाच. ही त्याची खोड होती. या वेळी त्याने डाव शेवटाकडून नाही, सुरुवातीकडून बघितला. थोरल्याची पहिली चाल: प्यादं एक घर पुढे. दुसरी: प्यादं एक घर. तिसरीही. सगळ्या डावात एकही प्यादं दोन घरं गेलं नव्हतं. वडिलांच्या पद्धतीत प्यादं दोन घरं जातच नसे. त्याने जुने डाव काढले. महिन्याभरापूर्वीपर्यंत थोरला सगळ्या जगासारखा पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं टाकत होता. मग एका मंगळवारी ते एक घर झालं, आणि पुढे एकच राहिलं.

आणि तिसऱ्या डावातलं ते प्यादं. ते घोड्याच्या घरासमोरून निघालं होतं. थोरल्याचा राजा दोन घरांवर उभा होता आणि त्याने बाजूला होऊन त्याला वाट दिली होती. वडिलांच्या पद्धतीत प्यादं ज्याच्या घरात पोचेल तेच होतं. घोड्याच्या घरातलं प्यादं घोडा होतं, वजीर नाही. थोरल्याला वाटलं होतं, घोडा होईल.

यात रीत पाळणं नव्हतं. त्याला वडिलांचा जुन्या पद्धतीचा डावच चालू आहे असं वाटत होतं.

रविवारी काटेवाला पट पिशवीत घालून भावाकडे गेला. थोरल्याची खोली त्याच्या दवाखान्यासारखीच. चादर ताणलेली, चपला जोडीने, पाण्याच्या भांड्यावर झाकण.

"दादा, एक डाव आणलाय. बघ जरा."

"तू आणि मला विचारणार? सूर्य कुठे उगवलाय आज?"

डाव कुणाचा ते धाकट्याने सांगितलं नाही. थोरला पटावर वाकला आणि बोलू लागला, तेव्हा काटेवाल्याचं मन अर्धं फिरलं. इतकं नेमकं बोलत होता तो. "काळी खेळणाऱ्याला काही येत नाही. पांढरी खेळणारा मुरलेला आहे. हा हत्ती इथे आणला बघ, आता उंट सुटत नाही. शाबास." एकेक चाल पुढे गेली. काळ्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं.

"इथे पांढऱ्याने प्यादं मारलं नाही," काटेवाला म्हणाला. "का?"

"अरे, बुर्जी होईल ना. बाबांनी चोप दिला असता."

"मग ते पुढे जातंय."

"जाऊ दे. घोड्याच्या घरात जातंय. एक घोडा येऊन काय दिवे लावणार?"

काटेवाल्याने प्यादं उचललं आणि त्या घरात काळा वजीर ठेवला.

थोरला बघत राहिला. "हे काय?"

"वजीर होतो, दादा. आता सगळीकडे तोच होतो. तूही स्पर्धेत असेच वजीर केलेस. माझ्या वहीत आहेत."

थोरल्याने पहिल्या ओळीपासून पटावर नजर फिरवली, मग धाकट्याच्या तोंडाकडे बघितलं.

"पांढरी माझी आहे."

"हो."

"पोरीने सांगितलं बघायला?"

"हो."

"तिला काय म्हणालास?"

"ठीक आहे म्हणालो. रीत पाळतोय म्हणालो. पण तेव्हा मी नीट बघितलं नव्हतं."

"मग तेच राहू दे." थोरल्याने सोंगट्या गोळा करायला घेतल्या. त्याचा हात स्थिर होता. "पटावर चुकलो म्हणजे पुडीत चुकेन असं नाही. मला ती खिडकी सोडायला लावू नकोस. दिवसभर या खोलीत मी काय करू?"

"आणि एखादी पुडी चुकली तर?"

"आयुष्यभर लोकांचे काटे तपासलेस," थोरला म्हणाला, "आज भावाला पारड्यात टाकलंस. जा आता."

काटेवाला घरी आला. बायकोने विचारलं, काय झालं. त्याने सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हीच बघा," आणि एरवी जोडली असती तशी पुस्ती जोडली नाही. दोन दिवस तो खोलीत बसून होता. पुतणीचे दोन फोन आले, त्याने घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यावरून जाताना त्याने खिडकीबाहेरची रांग बघितली. एक बाई कडेवर मूल घेऊन पुडी उलटीसुलटी करून बघत होती आणि आत थोरला तिला हसून काहीतरी समजावत होता. काटेवाला तिथूनच कोपऱ्यावर गेला आणि पुतणीला फोन लावला. "मी चुकीचं सांगितलं होतं," तो म्हणाला. "तू ये."

ती आली. बापलेकींत काय बोलणं झालं ते काटेवाल्याला कळलं नाही. एवढंच कळलं, की शुक्रवार कंपाउंडरचा शेवटचा दिवस आणि शनिवारी तो लेकीबरोबर तिच्या शहरात जाणार. शुक्रवारी दुपारी पुतणीने निरोप पाठवला, दवाखान्यात तुम्ही पण या. तो गेला. थोरल्याने त्याच्याकडे बघितलं नाही.

औषधांचं कपाट भिंतभर होतं, सहा ओळी, प्रत्येक ओळीत आठ खण. सिस्टर किल्ली घ्यायला उभी होती. थोरला म्हणाला, "किल्ली देतो. पण आधी बघा." तो कपाटाकडे पाठ करून उभा राहिला आणि बोलू लागला. वरची ओळ डावीकडून: तापाच्या, मग लहान मुलांच्या तापाच्या, मग खोकल्याच्या, पित्ताच्या, जुलाबाच्या. दुसरी ओळ: रक्तदाबाच्या, कमी ताकदीच्या, जास्त ताकदीच्या. तो अडखळला नाही. अठ्ठेचाळीस खण, एक श्वास घेऊन एक ओळ, शाळेतलं पाठांतर म्हणावं तसं. पुतणी तोंडावर पदर धरून ऐकत होती. आपण चुकलो, काटेवाल्याला वाटलं. चांगला काटा मोडीत काढला आपण.

"बरोबर ना, सिस्टर?" थोरल्याने विचारलं.

"बरोबर, कंपाउंडर," ती म्हणाली.

थोरला वळला आणि त्या रविवारनंतर पहिल्यांदा त्याने धाकट्याकडे बघितलं. लहानपणी मात केल्यावर बघायचा तसंच. मग शर्टाच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि चपला घालायला बाहेर गेला.

काटेवाला सिस्टरजवळ गेला. "सगळं सांगितलं त्याने. एक खण चुकला नाही."

सिस्टर कपाटाकडे बघत होती. तिने वरच्या ओळीतला तिसरा खण ओढला. खोकल्याचा नव्हता तो. आतल्या चिठ्ठीवर मधुमेहाच्या गोळ्या असं थोरल्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

"कपाट आम्ही चार वर्षांपूर्वी बदललं," ती हळू म्हणाली. "चिठ्ठ्या त्यांनीच लिहून लावल्या. आता म्हणाले ती आधीची मांडणी. महिनाभर मी दाराशी थांबून पुड्या बघतेय. दोघांच्या हातातून परत घेतल्या आणि बदलून दिल्या. मला बोलवेना, हो. त्यांनीच मला पुडी बांधायला शिकवलं."

तिने खण लावला. बाहेर पुतणी बापाचा हात धरून पायरी उतरत होती आणि तो तिला सांगत होता, की मला सगळं पाठ आहे, तुझ्या काकाला काही कळत नाही. "हो बाबा," ती म्हणत होती.

काटेवाल्याने टेबलापाशी राहिलेली भावाची पिशवी उचलली. त्याला हाक मारावी असं एकदा मनात आलं. मारून काय सांगायचं ते सुचेना, म्हणून तो पिशवी घेऊन त्यांच्यामागून चालू लागला, त्यांना ऐकू येणार नाही इतकं अंतर ठेवून.