अडकलेली पोर्तुगीज डीव्हीडी

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये आमचं एक मराठी चित्रपट मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी दुपारी एका काकांच्या टाउनहाउसमध्ये आम्ही दहा-बारा इंजिनियर जमायचो, जागतिक सिनेमा बघायचो आणि श्रीखंड-पुरी हाणायचो. यातलं नेमकं कशासाठी जमायचो, ते एकदा पुऱ्या कमी पडल्या तेव्हा उघड झालं होतं.

काकांचं प्रास्ताविक ठरलेलं, आभारप्रदर्शन ठरलेलं. शेवटी कुणीतरी "काकू, एक गाणं होऊन जाऊ दे" म्हणणंही ठरलेलं. काकू पुण्यात रीतसर गाणं शिकल्या होत्या, छोट्या मैफलीही करायच्या. लग्न करून इकडे आल्या आणि ते सुटलं. "ही पूर्वी गायची हं," असं काका विकून टाकलेल्या स्कूटरबद्दल बोलावं तसं सांगायचे. काकूंनी गाणं सुरू केलं, की आम्ही जोडे आणि किल्ल्या शोधायला लागायचो.

सिनेमा नेहमी काका निवडायचे. २००५ मधल्या एका रविवारी मात्र काकू म्हणाल्या, "या वेळी डीव्हीडी मी आणलीय, लायब्ररीतून. नवा पोर्तुगीज सिनेमा आहे. मला तो एकदा नीट बसून बघायचाय." पोर्तुगीज म्हटल्यावर आमचं ज्ञान वसईच्या किल्ल्यापाशी सुरू होऊन गोव्याच्या काजूपाशी संपलं. काकांनी तरीही दहा मिनिटं प्रास्ताविक केलंच.

गोष्ट साधी होती. लिस्बनमधल्या एका म्हाताऱ्या गायिकेला तिचंच गाणं आठवेनासं झालंय. मुलगा चित्रकार, तो आईचं चित्र काढतोय. शेवटाकडे ती खिडकीशी बसते. कॅमेरा हलत नाही, तीही हलत नाही. एक मिनिट झालं, दोन झाली.

"हँग झाली यार!"

"स्क्रॅच असणार. लायब्ररीची आहे ना."

एकानं डिस्क काढून टी-शर्टला पुसली. दुसऱ्यानं केबल काढून पुन्हा खोचली. एवढं करून पडद्यावर परत तीच खिडकी आणि तीच म्हातारी. तिच्यामागचा खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलत होता, तो एकालाही दिसला नाही. काकू सांगत होत्या, "अरे, चालू आहे ती. थांबा ना जरा." पण बिघाड सापडल्याच्या आनंदात इंजिनियर कुणाचं ऐकतोय! शेवटी रिमोट मी घेतला आणि फॉरवर्ड करून पुढचा सीन लावला.

त्यात मुलगा ढसाढसा रडत होता. का, ते आम्हाला कळेना. "आर्ट फिल्म," असा निकाल देऊन आम्ही पुऱ्यांकडे वळलो. काकू रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिल्या. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

रिवाजाप्रमाणे फर्माईश झाली. काकूंनी गायला घेतलं. पहिली ओळ छान लागली. दुसरीपाशी त्या थांबल्या. शब्द सुचेनात. डोळे मिटून त्या शोधत राहिल्या. "अगं, राहू दे आता," काका ओशाळून म्हणाले. काकूंनी मानेनंच नको म्हटलं. तेवढ्यात किल्ल्या वाजल्या. माझ्याच होत्या.

काकूंनी डोळे उघडले. टेबलावरचा रिमोट उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.

"घे," त्या म्हणाल्या, "मलाही फॉरवर्ड कर."