बंड्याचा दरबार

लिफ्ट बंद होती, म्हणून शेजारचे देशपांडेकाका बंड्याला कडेवर घेऊन जिना चढत होते. बंड्या म्हणजे त्यांची लेक परदेशी जाताना ठेवून गेलेला पेकिनीज कुत्रा. चपटं नाक, आखूड वाकडे पाय आणि चेहऱ्यावर अख्ख्या सोसायटीबद्दल नाराजी. "कुत्रं घरात आलं तर मी बाहेर," असं म्हणणारे काका ते हेच.

"चालू द्या की त्याला," मी मागून म्हणालो.

"त्याला जिना सोसत नाही हो," काका धापा टाकत म्हणाले. गुडघ्यांना पट्टे मात्र काकांनीच बांधले होते.

बंड्याचे पूर्वज म्हणे चीनच्या राजवाड्यात बड्या लोकांच्या झग्याच्या बाहीत बसून फिरायचे. ते दरबार गेले, त्या बाह्याही गेल्या. पण उचलून घेणारा माणूस मिळतोय तोवर बंड्याचं काय गेलं?

दुसऱ्या मजल्यावर काका दम खायला थांबले. बंड्या एकदाच भुंकला.

"हो हो, निघालो," म्हणत काका पुढची पायरी चढले.

मला हसू फुटलं. तेवढ्यात बंड्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने पुढे धावलो, काकांच्या दाराची बेल दाबली आणि अदबीने बाजूला उभा राहिलो.