घरमालकांचे खटक्याचे बूट

नाशकात देव पुष्कळ आहेत. पण एका बुटाच्या जोडापायी त्या सगळ्यांना कामाला लावणारा भक्त मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे घरमालक. मी देवळ्याहून नोकरीसाठी नाशकात आले तेव्हा मखमलाबादला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी राहायला गेले. एकट्या मुलीला खोली देताना बाकीच्या ठिकाणी नाना चौकश्या झाल्या होत्या. घरमालक काकांनी एवढंच विचारलं, "घरातली पहिलीच ग्रॅज्युएट का तू?" मी हो म्हटल्याबरोबर किल्ली माझ्या हातात दिली आणि आत वळून काकूंना म्हणाले, "अगं, ग्रॅज्युएट आलीय, चहा टाक." तेव्हापासून त्या घरात माझं तेच नाव पडलं. गॅसचा रेग्युलेटर बसत नसला की ग्रॅज्युएटला हाक, कुंडीतल्या मिरचीची पानं आकसली की ग्रॅज्युएटला हाक. माझी पदवी कॉमर्सची आहे, असं मी सांगून पाहिलं. "मग हिशोबानं बघ ना," काका म्हणाले.

त्यांना साठीनंतर सायकलीचं वेड लागलं. वेड म्हणजे असं, की पांढऱ्या पायजम्याचे पाय मोज्यात खोचून, डोक्यावर हेल्मेट आणि पायात चप्पल अशा थाटात ते दर रविवारी डॉक्टर-इंजिनियर लोकांच्या ग्रुपबरोबर निघायचे आणि ते लोक नाश्ता करून परतत असताना त्यांना वाटेत भेटायचे. तरी ते खूश असत. पण ग्रुपनं वणीच्या गडाची राइड ठरवली तेव्हा ग्रुपचा कॅप्टन, एक दाढीवाला तरुण, त्यांना म्हणाला, "काका, चढावर तुमचा पाय पेडलवरून घसरतो. घाटात ते चालायचं नाही. एक तर क्लीटचे बूट घ्या, नाही तर मागच्या सामानाच्या टेम्पोत बसा. केळी सांभाळायला कुणी तरी लागतंच."

क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बसवलेला लोखंडी खटका. तो पेडलमध्ये टक्कन अडकतो, मग पाय घसरत नाही. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की तो सुटतो. काकांना खटक्याचं काही वाटलं नाही, केळ्यांचं लागलं. दोन दिवस ते घरभर "केळी?" एवढंच म्हणत फिरत होते. शेवटी जेवताना मला म्हणाले, "मी केळी सांभाळायच्या वयाचा दिसतो का गं?"

"दिसता," काकू पोळी वाढत म्हणाल्या. "पण केळी गडापर्यंत शिल्लक राहतील का, ते नाय सांगता येत."

बूट घ्यायचं ठरलं आणि तिथून काकांच्या पायाची खरी कीर्ती नाशिकभर पसरली. तो पाय पुढून सूप आणि मागून लाटणं आहे. पाचही बोटं एकमेकांशी बोलणं टाकल्यासारखी लांब लांब उभी, अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढा उंचवटा आणि टाच मात्र शाळकरी मुलीसारखी नाजूक. सायकलीचे बूट बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा मासा असतो, कारण ते सगळे पुढे निमुळते. कॉलेज रोडच्या दुकानात बेचाळीस नंबर लांबीला बरोबर झाला, पण पंजा आत जाईना. शेहेचाळीस घातला तर पंजा मावला, पण बोटांपुढे एक लिंबू राहील एवढी जागा उरली आणि टाच आत वर-खाली करू लागली. सेल्समन म्हणाला, "काका, वापरून सैल होईल." काका म्हणाले, "बूट होईल का पाय?" दुसऱ्या दुकानात त्यांनी वर्तमानपत्रावर दोन्ही पाय पेन्सिलीनं काढून नेले. दुकानदारानं कागद उलटसुलट फिरवून विचारलं, "हा कुठल्या प्लॉटचा नकाशा?"

तरी एक जोड काकांनी आणलाच, आणि तो रुंद करण्यासाठी गावाकडची युक्ती केली. बुटाच्या पुढच्या भागात फडक्यात बांधून भिजवलेलं कडधान्य कोंबायचं; ते फुगतं आणि बूट ताणला जातो. काकांनी त्यासाठी काकूंची उसळीची मटकी पळवली. बूट काही ताणला गेला नाही, पण मटकीला मोड असे आले की तसे काकूंच्या डब्यात कधी येत नसत. काकूंनी ती मटकी गाईला घातली आणि काकांना दोन दिवस भाजी वाढली नाही. तो जोड परत गेला.

मग ग्रॅज्युएटला हाक आली. मी रोज संध्याकाळी मोबाइलवर परदेशी लोकांची मतं वाचून काकांना मराठीत सांगायची. त्यात एक गृहस्थ भेटले, ज्यांची बोटं सगळ्याच बुटांत बधिर होत. काका सरसावून बसले. "त्याला विचार, शेवटी कुठला घेतला." मी विचारलं. आठवड्यानं उत्तर आलं: अमुक कंपनीचा बूट, पण नावापुढे 'वाइड' लिहिलेला, आणि पाय संध्याकाळी, थोडे सुजलेले असताना मोजा. काकांनी त्यांना माझ्याकडून आशीर्वाद लिहून पाठवले आणि नाशिकला आलात तर जेवायला या, असंही. पेडल निवडायला मात्र वेळ लागला नाही. दुकानदारानं आधी शर्यतीची दाखवली, पण त्यांच्या बुटाचा खटका बाहेर आलेला, चालताना बदकासारखं चालावं लागे. "टपरीपर्यंत चहाला चालता आलं पायजे," काका म्हणाले, आणि तळव्यात खटका लपलेला बूट आणि त्याला जुळणारी पेडलं घेतली. खटका सहज सुटावा म्हणून पेडलची स्प्रिंग सगळ्यात ढिली करून घेतली. बूट पायात गेला, बोटं आत हलली, आणि काकांनी दुकानदाराच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंचवटीत मारुतीच्या देवळासमोर आडवे झाले. झालं असं, की वाटेवर देऊळ लागलं की काका चालत्या सायकलीवरून नमस्कार करतात, आणि पायताण घालून नमस्कार कसा करायचा म्हणून त्याच क्षणी एक पाय चपलेतून बाहेर काढतात. आयुष्यभराची सवय. हात छातीशी गेला, पाय बाहेर यायला निघाला, पण पाय बुटात आणि बूट पेडलमध्ये. काका सायकलीसकट देवापुढे लोटांगण घालून मोकळे. फुलवाली म्हणाली, "बाबा, एवढी भक्ती नका करू, माणसं घाबरतात."

पंचवटीत देवळं किती, हे त्या आठवड्यात काकांच्या कोपरांना कळलं. कॅप्टननं टाच वळवायला शिकवलं, पण देऊळ दिसलं की टाच आठवायची नाही. शेवटी काकूंनी तोड काढली. त्या अंगणात तुळशीपाशी उभ्या राहायच्या आणि काकांना सायकलीवर फेऱ्या मारायला लावायच्या. "हात वर, टाच बाहेर," असं त्या ओरडायच्या. ही गोष्ट काकांच्या अंगात इतकी मुरली की आता हात छातीशी गेल्याशिवाय टाच वळेचना. सिग्नल लागला तरी नमस्कार करावा लागे. रविवार कारंजापाशी ते ट्रॅफिक हवालदाराला भक्तिभावानं नमस्कार करून पाय टेकवत. हवालदारही गोंधळून उलट नमस्कार करी.

गडाच्या राइडला काका सायकलीवर निघाले आणि केळी सांभाळायला टेम्पोत मी बसले. काका गडावर पोचले, सगळ्यात शेवटी पण सायकलीवरच पोचले, हे आधीच सांगून टाकते. नाही तर वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागायचा. मला सांगायचंय ते त्याआधीचं. नांदुरीच्या पुढे घाटात बाकीचे दिसेनासे झाले आणि आमचा टेम्पो काकांच्या मागे मागे होता. एका वळणावर चढ एवढा आला की सायकल जागच्या जागी उभी राहिली. दोन्ही हातांनी हँडल ओढताना नमस्कार कुठून करणार? काका सावकाश एका बाजूला कलले आणि पडले. मी धावत गेले. ते पाय पेडलला अडकलेले तसेच पडून होते.

"लागलं का काका?"

"नाय. राहू दे जरा, बरं वाटतंय." मग आपल्या बुटांकडे बघत हळूच म्हणाले, "हा पंजा असा का झाला, म्हाईत हे तुला? झेंडूला पाणी भरायचं आम्ही, रात्रंदिवस चिखलात अनवाणी. बोटं रुतवून उभं राहावं लागायचं, नाय तर पाटाचं बारं फुटून पाणी वाहून जायचं. आता तिथं सात मजली बिल्डिंग झालीय. पायांना अजून कुणी सांगितलंच नाय की वावर गेलं."

मी टेम्पोकडे बोट करून म्हटलं, "बसता का थोडा वेळ? मी कुणाला सांगणार नाही."

त्यांनी टेम्पोकडे पाहिलं, केळ्यांकडे पाहिलं. मग पडल्या पडल्या नमस्कार करून टाचा सोडवल्या, माझ्या खांद्याला धरून उठले, सायकल वळणाच्या सपाट जागेपर्यंत ढकलत नेली आणि आधी डावा, मग उजवा, असे दोन खटके वाजले. ते निघाले. पुढून सूप असलेले ते दोन पाय सावकाश, वावरात एकेक पाऊल रुतवावं तसे गोल फिरत राहिले.

थोड्या वेळानं ड्रायव्हर म्हणाला, "ताई, पुढं काढू का गाडी? एवढी हळू चालवली तर तापते."

"तापू द्या," मी म्हटलं.