माझ्या नावावरची दहा हजार पावलं

आमच्या कंपनीच्या आरोग्य विम्याने एका वर्षी सगळ्यांना मनगटी पट्टे वाटले. रोज दहा हजार पावलं चाला, पॉइंट मिळवा आणि पुढच्या प्रीमियममध्ये सूट घ्या, अशी योजना होती. पट्टा पावलं मोजायचा, नाडी मोजायचा आणि सगळं विमावाल्यांना कळवायचा. मोहालीच्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर जायलासुद्धा मी लिफ्टची वाट बघत उभा राहणारा माणूस. ही योजना खास मला हिणवायला काढलीय असं वाटलं, पण सूटही सोडवेना.

त्याच हिवाळ्यात सासरे कोल्हापूरहून आमच्याकडे चंडीगडला राहायला आले. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन घेण्यात त्यांची अख्खी नोकरी गेलेली. रोज सकाळी माकडटोपी चढवून ते सेक्टरच्या पार्कात फिरायला जायचे. चालणारा माणूस घरात, पट्टाही घरात. मी दोघांची गाठ घालून दिली.

“जावईबापू, हे बरं न्हवं,” ते म्हणाले. “काट्यावर मी कुनाला किलोभर सोडलं न्हाई.”

“बाबा, तुम्ही चालताच की. नुसती मोजणी माझ्या नावावर.”

त्यांनी जरा विचार केला आणि हात पुढे केला. “आमच्या लेकीला कळू देऊ नका म्हंजे झालं.”

मग काय, रोज बारा-बारा हजार पावलं पडायला लागली. महिनाभरात माझा फोटो ‘हेल्थ चॅम्पियन’ म्हणून ऑफिसभर ईमेलने फिरला. तब्येतीचं रहस्य काय, असं लोक विचारू लागले. मी बेधडक सांगितलं, “मी नेहमी जिन्याने जातो.” त्याची शिक्षा लगेच मिळाली. सगळ्यांच्या नजरा असल्यामुळे मला खरंच जिने चढावे लागले आणि जागेवर पोचल्यावर पाच मिनिटं धाप लपवत बसावं लागलं.

अशातच एके दुपारी विमा कंपनीच्या आरोग्य सल्लागार बाईंचा फोन आला. मी डब्यातला राजमा-भात खात होतो.

“सर, कुछ दिनों से वॉक के टाइम आपकी धड़कन बार-बार इर्रेग्युलर दिख रही है. प्लीज़ हार्ट के डॉक्टर को दिखा लीजिए.”

“अहो, मी ठणठणीत आहे,” असं हिंदीत म्हणायला तोंड उघडलं आणि एकदम लक्षात आलं. ही धडधड माझी नव्हतीच. पॉइंटांच्या नादात बायकोच्या वडिलांना काही झालं असतं तर? मी हाफ डे टाकून घर गाठलं. वाटेत बायकोला काय सांगायचं याचे चार नमुने तयार केले आणि चारही टाकून दिले.

सासरे बाल्कनीत उन्हाला बसून शेंगा फोडत होते. मी सगळं सांगितलं. घाबरण्याऐवजी ते चक्क लाजले. लेक आसपास नाही ना, हे त्यांनी आधी वाकून बघून घेतलं.

“जावईबापू, एक सांगायचं ऱ्हायलंय. तीन आठवडं झालं, मी चालतच न्हाई.”

“मग?”

“थंडीनं गुडघं धरलं ओ. सकाळी चौतीस सेक्टरात जातो. कोचिंगच्या पोरांसंगं चहा घेतो, ब्रेड पकोडा खातो. पार्काम्होरं एक सरदारजी ऱ्हातात, त्यांना चालायची लई हौस. पट्टा त्यांच्याच हातात हाय. म्हटलं, तुमचं नुकसान नको.”

मला आधी हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

आम्ही दोघं तसेच सरदारजींच्या दारात गेलो. वयाने सासऱ्यांएवढेच, अंगाने दणकट. माझा पट्टा त्यांच्या मनगटावर होता. मी चाचरत सगळं सांगितल्यावर ते खो खो हसले.

“मतलब, बीमार मैं और फोन आपको?” मग म्हणाले, “सीने में घबराहट तो होती है जी. पर बताऊँ किसको?”

“मग इतकं चालायचं कशाला?” असं मी हिंदीत विचारलं.

त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. “दस हज़ार पे ये हाथ में हिलता है. शाबाशी देता है. हमारी मैडम के गुज़र जाने के बाद इस घर में और कोई देता नहीं.”

त्या माणसाची शाबासकी तेवढी त्याच्याकडे पोचत होती, बाकी सगळं मी खात होतो.

दवाखान्यात यायला सरदारजी एका अटीवर तयार झाले, रिपोर्ट त्यांच्याच नावाचा हवा. तपासण्या झाल्या. वेळेत आलात, पण दोन दिवस ठेवून घ्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी बायकोला फोन करून पहिल्यापासून सगळं कबूल केलं. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही.

भरती करायच्या खिडकीवर क्लार्कने माझ्याकडे पेन रोखून विचारलं, “पेशंट के आप क्या लगते हैं?”

मी सासऱ्यांकडे बघितलं, सासऱ्यांनी छताकडे. व्हीलचेअरमधून सरदारजीच खणखणीत आवाजात म्हणाले, “बेटा लिखो जी. मेरी मेहनत की सारी कमाई यही तो खाता है.”