ठकी आत की बाहेर?

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी लोणावळ्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. तिथली औषधं आता आठवत नाहीत. पण आमच्या ठकी खारीचा एक किस्सा सांगायला घेतला, की दुसरा मध्येच घुसतो!

ठकीला तुंगार्लीच्या एका माळ्यानं टोपीत घालून आणलं होतं. मांजरानं मागचा पाय चावला होता. डॉक्टरांनी ती वाचवली, पण पाय अधू राहिला. बरी झाल्यावर आम्ही तिला तीनदा आंब्यावर सोडलं. तिन्ही वेळा घसरली, तिसऱ्यांदा थेट डॉक्टरांच्या टकलावर!

"झालं! ही आता आपलीच," डॉक्टर म्हणाले.

पण ठेवायची कुठं? डॉक्टर म्हणत, आत. आमची आया सखुमावशी म्हणे, "झाडाचं जनावर हाय. भाईर ऊन-वारा नगं व्हय?"

*

आधी डॉक्टरांचं चाललं. मग रोज कापूस गायब व्हायला लागला, आणि बोलणी मला!

एके दिवशी व्हिजिटला निघताना डॉक्टरांनी हॅट चढवली, तर ती डोक्यावर बसेना. आत कापसाची गादी, आणि गादीवर ठकी!

"तिनं तुमच्या डोस्क्यात घर केलंया," मावशी म्हणाली. "आता तरी भाईर काढा!"

*

मग व्हरांड्यात मोठा जाळीचा पिंजरा आला. धुकं आत येतं म्हणून डॉक्टर गोणपाट बांधायला स्वतः आत शिरले. मागून कडी पडली.

तेवढ्यात परंदवडीचे एक आबा खोकत आले. "डाक्टर कुटं हायत?"

"पिंजऱ्यात."

आबांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. जाळीला तोंड लावून त्यांनी जीभ दाखवली. डॉक्टरांनीही ती आतूनच तपासली. "गरम पाणी प्या. आणि आधी ती कडी काढा!"

*

एका सकाळी पिंजऱ्यावर मांजर बसलेलं! ठकी कोपऱ्यात, श्वासही दिसेना. मावशीनं केरसुणी फेकली, ठकीला पदरात गुंडाळलं आणि दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही.

"काय मावशी, बाहेरचा वारा?" डॉक्टरांनी चिडवलं.

"आज वारं लय सुटलंया!" मावशी म्हणाली. डोळे मात्र पुसत होती.

*

शेवटी तोडगा निघाला. पिंजरा खिडकीला बाहेरून चिकटवला, झडपेला भोक पाडलं. ठकीनं हवं तेव्हा आत यावं, हवं तेव्हा बाहेर जावं. तर बाई त्या भोकातच मुक्काम ठोकून बसली!

त्याच आठवड्यात पुण्याहून मोठे साहेब तपासणीला आले. मी आणि डॉक्टर रजिस्टर शोधत होतो, म्हणून साहेबांनी मावशीलाच विचारलं, "इनडोअर पेशंट किती?"

"एक."

"आणि औटडोअर?"

"तीच."

साहेबांनी चष्मा काढला. "तीच म्हणजे?"

मावशीनं खिडकीकडं वाकून नीट पाहिलं.

"आत्ता निस्ती शेपूट औटडोअर हाय, सायेब!"